ऋतू का होतात हे दाखवायचे कसे: दिवा, पृथ्वीगोल आणि काठीची सावली

उन्हाळा का येतो असे विचारले की शाळकरी मुलापासून पदवीधरापर्यंत बहुतेक जण सांगतात, ‘पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ असते.’ हे उत्तर चुकीचे आहे आणि ते खोडायला एक तारीख पुरते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती ३ ते ५ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. सर्वांत दूर ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाते, तेव्हा अंतर १५ कोटी २१ लाख किलोमीटर.

पण नुसते सांगून हा समज जात नाही. ऐकणारा मान हलवतो, पाठ करतो आणि महिन्याभराने पुन्हा जवळ-दूर म्हणू लागतो. शेगडीजवळ गेले की ऊब लागते हा अनुभव रोजचा असतो, तिरप्या किरणांचा हिशोब मात्र कोणी हाताने केलेला नसतो. म्हणून तो हिशोब हाताने करून घ्यायचा. त्यासाठी पुढे चार कामे दिली आहेत. क्रम शक्यतो बदलू नका. पृथ्वीगोलापासून सुरुवात केली तर माणसे गोल बघत बसतात आणि किरणांच्या कोनाकडे लक्ष जात नाही.

पहिले काम: कक्षा खऱ्या मापाने काढा

कोऱ्या कागदावर कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. मध्यबिंदूपासून १.७ मिलिमीटर बाजूला सूर्याचा ठिपका द्या. ही झाली पृथ्वीची कक्षा. ती लंबवर्तुळ आहे हे खरे, पण या मापावर तिचा लहान अर्धअक्ष मोठ्या अर्धअक्षापेक्षा फक्त ०.०१४ मिलिमीटरने कमी भरतो. पेन्सिलीची रेघ त्याहून कितीतरी जाड असते, त्यामुळे कंपासच्या वर्तुळाने काही बिघडत नाही.

आता कोणत्याही पुस्तकातली ऋतूंची आकृती शेजारी ठेवा. तिथे कक्षा चांगलीच लांबट दिसेल. तशी काढण्यामागे कारण आहे: कक्षा बाजूने, तिरप्या नजरेने पाहिल्यासारखी दाखवलेली असते. पण हे आकृतीखाली क्वचितच लिहिलेले असते. पाहणारा ती वरून पाहिलेली समजतो आणि ‘जवळ’ आणि ‘दूर’ या दोन जागा मनात पक्क्या होतात. गैरसमजाचे मूळ बऱ्याचदा या आकृतीत असते, म्हणून तिच्याबद्दल उघडपणे बोला.

अंतराचा परिणाम शून्य आहे असेही सांगू नका, कारण ते खरे नाही. जानेवारीत पृथ्वीवर पडणारा सूर्यप्रकाश जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असतो. हा फरक दोन्ही गोलार्धांना एकाच वेळी मिळतो. ऋतू अंतराने होत असते तर सगळ्या पृथ्वीवर जानेवारीत उन्हाळा आला असता. प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो आणि युरोपात बर्फ पडत असते. ‘जवळ-दूर’ म्हणणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर त्यालाच शोधू द्या.

दुसरे काम: तिरप्या किरणांचा चौकोन

जाड पुठ्ठ्यात २ × २ सेंटिमीटरचा चौकोन नीट कापा. आलेख कागद एका पाटीवर चिकटवा. स्वच्छ उन्हात पुठ्ठा सूर्याच्या किरणांना काटकोनात धरा आणि त्याच्या मागे १० सेंटिमीटरवर पाटी धरा. (सूर्याकडे पाहून कोन जुळवू नका. पुठ्ठ्याची सावली सर्वांत मोठी पडेल असा तो फिरवला की काटकोन साधतो.)

पाटीही किरणांना काटकोनात असेल तर उजेडाचा चौकोन ४ चौरस सेंटिमीटरचा पडेल. आता पाटी कलवत जा. किरण आणि पाटी यांच्यातला कोन ३० अंश झाला की तोच उजेड २ × ४, म्हणजे ८ चौरस सेंटिमीटरवर पसरतो. प्रकाश तेवढाच, जागा दुप्पट, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला मिळणारी ऊर्जा निम्मी. आलेख कागदावरची घरे मोजायला लावा. स्वतः मोजलेली संख्या माणूस विसरत नाही.

हा प्रयोग टॉर्चने करण्याची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. टॉर्चचे किरण फाकत जातात, त्यामुळे कागद कलवला की उजेडाचा डाग अंड्यासारखा होतो आणि जवळची बाजू जास्त उजळ दिसते. पाहणारा लगेच म्हणतो, ‘बघा, जवळ आहे तिथे जास्त उजेड!’ ज्या समजाशी आपण झगडतो आहोत तोच पक्का होतो. ऊन नसेल तेव्हाच टॉर्च घ्या, निदान २ मीटर दूर ठेवा आणि मध्ये भोकाचा पुठ्ठा धरा. उन्हात चौकोनाच्या कडा जराशा पुसट दिसतील, कारण सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाएवढी रुंद आहे. १० सेंटिमीटरवर ही पुसट पट्टी सुमारे १ मिलिमीटरची असते. तिच्या मध्यापासून मोजा.

किरण तिरपे असले की आणखी एक नुकसान होते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे दुप्पट हवा ओलांडावी लागते. त्या वाटेत बराच प्रकाश विखुरतो आणि शोषला जातो. जमिनीपर्यंत पोहोचणारी ऊर्जा त्यामुळे निम्म्याहूनही कमी होते.

तिसरे काम: दिवा आणि पृथ्वीगोल

हे सर्वांना माहीत असलेले प्रात्यक्षिक, आणि सर्वांत जास्त चुका यातच होतात. २५ सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. नसेल तर तेवढ्याच चेंडूतून लांब सुई आरपार घाला आणि त्यावर विषुववृत्त आणि ४० अंश उत्तर अक्षवृत्त रेखा. शेड नसलेला, दुधी नसलेला एलईडी दिवा स्टँडवर लावा. खोली पूर्ण अंधारी हवी. पांढऱ्या भिंती जवळ असतील तर त्यांच्यावरून परतणाऱ्या उजेडाने रात्रीची बाजूही उजळते आणि दिवस-रात्रीची सीमारेषा दिसत नाही. भिंतीवर गडद चादर टाकली की काम भागते.

दिव्याचा मध्य आणि गोलाचा मध्य एकाच उंचीवर हवेत, हे मोजपट्टीने तपासा. दिवा १०-१५ सेंटिमीटर जरी वर राहिला तरी दिवस-रात्रीची सीमारेषा सरकते आणि ध्रुवांवर ती हवी तिथे दिसत नाही.

दिवा गोलाच्या मध्यापासून २ मीटर दूर ठेवा. बहुतेक ठिकाणी तो अर्ध्या-एक मीटरवर ठेवतात आणि तिथेच घोटाळा होतो. १ मीटरवर दिवा असेल तर गोलाचा दिव्याकडचा पृष्ठभाग मध्यापेक्षा साडेबारा टक्के जवळ येतो, म्हणजे हे प्रात्यक्षिकच ‘जवळ म्हणून गरम’ असे शिकवू लागते. शिवाय गोलाचा अर्ध्याहून कमी भाग उजळतो आणि दिवस-रात्रीची सीमा जवळपास ७ अंशांनी सरकते. २ मीटरवर ही चूक साडेतीन अंशांवर येते. या मापाच्या पृथ्वीसाठी सूर्य खरे तर २.९ किलोमीटरवर ठेवावा लागेल आणि त्याचा व्यास २७ मीटर असेल. हे आकडे प्रात्यक्षिकाआधीच सांगा. ‘कललेला गोलार्ध सूर्याच्या जवळ येतो’ हा दुसरा लोकप्रिय समज त्यांनीच निकालात निघतो: पृथ्वीचा अख्खा व्यास १२,७४२ किलोमीटर, तर सूर्याचे अंतर त्याच्या ११,७०० पटींहून जास्त. कलण्यामुळे अंतरात पडणारा फरक एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढाही नाही.

आता आस. पृथ्वीचा आस कक्षेच्या प्रतलाला काढलेल्या लंबापासून २३.४४ अंश कललेला आहे. फरशीच्या रेघांपैकी एक दिशा निवडा, समजा खिडकीकडची. आसाचे उत्तर टोक नेहमी त्याच दिशेने कललेले ठेवायचे. दिव्याभोवती वर्तुळात चालत जा आणि चार जागांवर थांबा. प्रत्येक जागी आस फरशीच्या त्याच रेघेला समांतर कलला आहे ना, हे दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्या.

नेमकी इथेच चूक होते. गोल हातात धरून चालताना माणसाचे तोंड दिव्याकडे राहते, शरीराबरोबर हात फिरतो आणि गोलाचा कलही फिरतो. मग उत्तर टोक चारही जागांवर दिव्याकडेच कललेले राहते, म्हणजे उत्तर गोलार्धात वर्षभर उन्हाळा. यातून ‘आस मागे-पुढे डुलतो म्हणून ऋतू बदलतात’ असा तिसरा गैरसमजही जन्म घेतो, कारण चूक लक्षात आली की दाखवणारा माणूस हिवाळ्याच्या जागी गोल हाताने उलटा कलवतो. असे कधीही करू नका. वर्षभरात आसाची दिशा जवळजवळ तसूभरही बदलत नाही, उत्तर टोक ध्रुवताऱ्याच्या दिशेलाच राहते. बदलते ती पृथ्वीची सूर्याभोवतीची जागा. दिशा बदलते ती अतिशय संथपणे, सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी या गतीने. भिंतीवर ठिपका काढून ‘हा ध्रुवतारा’ म्हणण्याची पद्धतही टाळा. भिंत जवळ असल्यामुळे प्रत्येक जागेवरून त्या ठिपक्याची दिशा वेगळी येते. फरशीच्या रेघा जास्त भरवशाच्या.

चार जागांवर काय दिसले पाहिजे? उत्तर टोक दिव्याकडे कललेले असते ती जागा २१ जूनच्या आसपासची. तिथे गोल आसाभोवती फिरवला तरी उत्तर ध्रुव अंधारात जात नाही. समोरची जागा २१-२२ डिसेंबरची, तिथे उत्तर ध्रुव उजेडात येत नाही. मधल्या दोन जागा २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या. तिथे कल दिव्याच्या आडवा असतो आणि सीमारेषा दोन्ही ध्रुवांतून जाते. यांपैकी काही जुळले नाही तर आधी दिव्याची उंची तपासा, मग कल.

जूनच्या जागी गोल स्थिर धरा आणि ४० अंश अक्षवृत्ताचा उजेडातला भाग मोजा. रेखावृत्ते १५ अंशांच्या अंतराने असतील तर प्रत्येक घर म्हणजे एक तास. उजेडात सुमारे १४ घरे आणि वर थोडे मिळायला हवे. भूमितीने हा दिवस १४ तास ५१ मिनिटांचा येतो. दिवा जवळ असल्यामुळे तुमचे उत्तर थोडे कमी येईल. डिसेंबरला तोच दिवस ९ तास ९ मिनिटांचा. २० अंशांवर हे आकडे १३ तास १३ मिनिटे आणि १० तास ४७ मिनिटे, तर ६० अंशांवर साडेअठरा तास आणि साडेपाच तास. विषुववृत्तावर वर्षभर बारा तास. ज्याला त्रिकोणमिती येते त्याच्यासाठी सूत्र: अर्ध्या दिवसाच्या कोनाची कोसाइन = −(अक्षांशाची टॅन × सूर्याच्या क्रांतीची टॅन). मिळालेला कोन दुप्पट करून १५ ने भागा. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या प्रतलापासून किती अंश उत्तरेला (+) किंवा दक्षिणेला (−) आहे तो कोन. ती जूनमध्ये +२३.४४, डिसेंबरमध्ये −२३.४४ आणि संपातांना, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या वरच्या दोन तारखांना, शून्य.

किरणांचा कोन आणि दिवसाची लांबी या दोन्ही गोष्टी आसाच्या कलातून येतात आणि दोन्ही एकाच बाजूला ओढतात. ४० अंशांवर जूनच्या दुपारी सूर्य ७३ अंशांवर असतो, डिसेंबरच्या दुपारी साडेसव्वीस अंशांवर. नुसत्या कोनाने दुपारचा फरक दुपटीहून थोडा जास्त होतो. त्यात दिवसाची लांबी मिळवली की वातावरणाच्या माथ्यावर दिवसभरात मिळणारी ऊर्जा जूनमध्ये डिसेंबरच्या सुमारे तिप्पट भरते. यात अंतराचा उलटा जाणारा ७ टक्क्यांचा हिशोबही धरला आहे.

चौथे काम: वर्षभर काठी

पहिली तीन कामे एका दिवसात होतात, याला वर्ष लागते, पण खात्री पटते ती इथे. ५० सेंटिमीटर उंचीची सरळ काठी सपाट, समतल फळीवर उभी करा. ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. काठी एक अंश जरी कलली तरी दुपारच्या सूर्याच्या कोनात तेवढीच चूक येते. टोकाची सावली पुसट पडते, म्हणून टोकावर भोक पाडलेला छोटा पुठ्ठा बसवा आणि उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मोजा. तेव्हा उंचीही भोकापर्यंतच मोजायची.

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्याच्या रेषेवर आला असे नसते. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून तुम्ही जितके अंश दूर, तितकी चार-चार मिनिटे सरकतात. शिवाय फेब्रुवारीत सूर्य सरासरीपेक्षा सुमारे १४ मिनिटे मागे, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटे पुढे असतो. म्हणून अंदाजे वेळेच्या ४० मिनिटे आधीपासून ४० मिनिटे नंतरपर्यंत दर ५ मिनिटांनी खूण करा. सर्वांत आखूड सावली तीच त्या दिवसाची नोंद. १५ दिवसांतून एक नोंद पुरते.

५० सेंटिमीटरच्या काठीची माध्यान्ह सावली उत्तर गोलार्धात अशी यावी:

२० अंश: २१ डिसेंबरला ४७.४ सेंटिमीटर, संपाताला १८.२, २१ जूनला ३.० (आणि दक्षिणेकडे!)
४० अंश: १००, ४२.०, १४.९ सेंटिमीटर
६० अंश: ४३५, ८६.६, ३७.१ सेंटिमीटर

पडताळा सोपा आहे. काठीची उंची भागिले सावलीची लांबी, याची उलट टॅन म्हणजे सूर्याची उंची. ती ९० वजा (अक्षांश आणि क्रांती यांतला फरक) याच्याशी जुळली पाहिजे. जून आणि डिसेंबरच्या दोन उंचींतल्या फरकाची निम्मी म्हणजे आसाचा कल. नीट मोजले तर उत्तर २३.४४ च्या अर्ध्या अंशाच्या आत येते. एका काठीवर पृथ्वीचा कल मोजता येतो, याहून चांगला पुरावा शोधायला जायची गरज नाही. फक्त कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असाल तर जूनची सावली दक्षिणेकडे पडते, तेव्हा उंची उत्तर बाजूने मोजली जाते. फरक काढण्याआधी ती १८० मधून वजा करा. हे विसरले की उत्तर भलतेच येते.

याच नोंदींत ‘दुपारी बाराला सूर्य रोज डोक्यावर येतो’ हा समजही मोडतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या बाहेर तो कधीच डोक्यावर येत नाही. आतल्या पट्ट्यात वर्षातून दोनदा येतो, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. २० अंश उत्तरेला तो २० मेच्या आणि २३-२४ जुलैच्या सुमारास असतो.

विचारले जाणारे अवघड प्रश्न

‘२१ जूनला सर्वांत जास्त ऊन मिळते, मग सर्वांत जास्त उष्मा त्याच दिवशी का नाही?’ कारण त्यानंतरही काही आठवडे जमिनीला मिळणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्तच असते, साठा वाढत राहतो. मध्य अक्षांशांवर जमीन साधारण महिन्याभराने सर्वाधिक तापते, समुद्राला त्याहून जास्त वेळ लागतो. मोसमी पावसाच्या प्रदेशात मात्र उलटे होते: पाऊस आणि ढग जूनमध्ये आले की तापमान खाली येते, म्हणून तिथे मे जास्त तापतो. ऋतू म्हणजे नुसते सूर्याचे गणित नव्हे. ढग, वारे आणि समुद्र यांचा वाटा मोठा असतो, तो लपवू नका.

‘जूनमध्ये उत्तर ध्रुवावर चोवीस तास ऊन असते, मग तिथे गरम का होत नाही?’ हा प्रश्न फार चांगला आहे. २१ जूनला वातावरणाच्या माथ्यावर ध्रुवाला दिवसभरात विषुववृत्तापेक्षा खरोखरच जास्त ऊर्जा मिळते, सुमारे एक तृतीयांशाने जास्त. पण सूर्य साडेतेवीस अंशांच्या वर जात नाही, किरणांना जाड हवा ओलांडावी लागते, पांढरा बर्फ बराचसा प्रकाश परत फेकतो आणि उरलेल्यातली बरीच ऊर्जा बर्फ वितळवण्यात जाते.

‘संपाताला दिवस-रात्र अगदी समान असतात का?’ जवळजवळ. सूर्योदय मोजतात तो तबकडीची वरची कड दिसल्यापासून, आणि वातावरणातल्या अपवर्तनामुळे, म्हणजे किरण वाकल्यामुळे, सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. २० अंशांवर त्या दिवशी दिवस सुमारे ७ मिनिटांनी मोठा भरतो. वर दिलेल्या दिवसांच्या लांबीतही ही भर धरलेली नाही, म्हणून छापील सूर्योदयाच्या वेळांशी ताडताना काही मिनिटांचा फरक दिसेल.

‘सर्वांत लहान दिवशी सूर्य सर्वांत लवकर मावळतो ना?’ नाही. ४० अंश उत्तरेला सर्वांत लवकर सूर्यास्त ७-८ डिसेंबरला होतो आणि सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. कारण माध्यान्हच त्या दिवसांत रोज थोडे पुढे सरकत असते.

अंतर ऋतूंच्या तापमानापेक्षा त्यांच्या लांबीत जास्त ठळक दिसते. दिनदर्शिकेत मोजा: २० मार्च ते २२ सप्टेंबर १८६ दिवस, उरलेल्या अर्ध्या फेरीत सुमारे १७९. जुलैत पृथ्वी दूर असते आणि सेकंदाला २९.३ किलोमीटर वेगाने चालते, जानेवारीत ३०.३ किलोमीटरने. म्हणून उत्तरेचा उन्हाळी अर्धा भाग आठवडाभराने लांब. मंगळावर मात्र अंतराचा धक्का मोठा आहे. त्याचा आस २५.२ अंश कललेला आहे, आपल्यासारखाच, पण कक्षा इतकी लांबट की सूर्याजवळ असताना त्याला दूरच्या टोकापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त प्रकाश मिळतो. तिथे दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा उत्तरेच्या उन्हाळ्यापेक्षा लहान आणि प्रखर असतो.

शेवटी समजले की नाही हे तपासायला व्याख्या विचारू नका. हे दोन प्रश्न द्या: आस अजिबात कललेला नसता तर ४० अंशांवर वर्षभर काठीची सावली किती पडली असती? आणि कल ९० अंश असता तर? पहिल्याचे उत्तर रोज ४२ सेंटिमीटर. दुसऱ्याला उत्तर देताना जो माणूस गोल उचलून आस आडवा धरतो, फरशीच्या रेघेला समांतर ठेवून दिव्याभोवती चालतो आणि एका जागी अख्खा उत्तर गोलार्ध उजेडात राहिलेला दाखवतो, त्याला ऋतू कळले आहेत. युरेनसचा कल ९७.८ अंश आहे. त्याला सूर्याभोवती फिरायला ८४ वर्षे लागतात, म्हणजे त्याच्या प्रत्येक ध्रुवावर सलग ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे काळोख असतो.